परदेशी मेडिकल कॉलेजची पारख : अमेरिकेतील उमेदवारासाठी आणि त्याच्या वडीलधाऱ्यांसाठी

१८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेस निघाल्या. निघण्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूर येथे त्यांनी जाहीर व्याख्यान दिले आणि आपण वैद्यक शिकावयास इतक्या दूर का जात आहोत, याची कारणे एकामागून एक लोकांपुढे मांडली. त्या वेळी त्यांच्या वयाची अठरा वर्षेही पुरी झाली नव्हती. १८८६ साली फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या. परदेशी शिक्षणास जाण्यापूर्वी ‘का’ आणि ‘कोठे’ या दोन प्रश्नांची उत्तरे चारचौघांत देण्याची ही रीत फार चांगली होती.

आज तिची आठवण करण्याचे कारण असे, की आता प्रवाह उलट्या दिशेनेही वाहू लागला आहे. १९६५ साली अमेरिकेने आपला स्थलांतराचा कायदा बदलला आणि त्यानंतर आपल्याकडील डॉक्टर, इंजिनियर व शास्त्रज्ञ मंडळी मोठ्या संख्येने तिकडे गेली. त्यांची मुले व नातवंडे तेथेच जन्मली, तेथील नागरिक झाली. त्यांपैकी कित्येकांस डॉक्टर व्हावयाचे असते. पण अमेरिकेतील कॉलेजात जागा मिळत नाही. मग कोणी कॅरिबियन बेटांकडे पाहतो, कोणी आयर्लंड वा ऑस्ट्रेलियाकडे, तर कोणी आजोळच्या वाटेने हिंदुस्थानात येण्याचा विचार करतो. अशा वेळी येथील वडीलधाऱ्यांस फोन येतो. ‘मास्तरसाहेब, नातीला बेटावरच्या कॉलेजात सीट मिळते आहे म्हणतात. घ्यावी काय?’ असा प्रश्न ट्रस्टच्या सभासदांकडून आम्हांसही विचारला जातो. सल्ल्याबरोबर पुष्कळदा पैसाही येथूनच जातो. कोणी प्लॉट विकतो, कोणी मुदत ठेव मोडतो. म्हणून सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय सर्व कुटुंबांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटले.

आम्ही गणित व विज्ञान शिकवणारे शिक्षक. तेव्हा या लेखात उपदेश थोडा आणि हिशेब अधिक आहे.

१. अमेरिकेत डॉक्टर कसे होतात?

आपल्याकडे बारावीनंतर थेट एम.बी.बी.एस.ला प्रवेश मिळतो. अमेरिकेत तसे नाही. तेथे प्रथम चार वर्षांची पदवी, मग एम्‌कॅट नावाची प्रवेश परीक्षा, मग चार वर्षांचे मेडिकल कॉलेज आणि त्यानंतर तीन ते सात वर्षे रुग्णालयातील रेसिडेन्सी अशी वाट आहे. वैद्यकीचा परवाना ज्या त्या राज्याचे मंडळ देते, आणि रेसिडेन्सी केल्याशिवाय तो मिळत नाही.

या शेवटच्या वाक्याकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. आपल्या मनात ‘डिग्री मिळाली म्हणजे डॉक्टर झाला’ असे समीकरण पक्के बसलेले असते. अमेरिकेत ते चालत नाही. डिग्री हातात आहे पण रेसिडेन्सी नाही, अशा माणसास तेथे रोगी तपासता येत नाही. सबब कोणत्याही परदेशी कॉलेजची परीक्षा एकाच कसोटीवर करावयाची: येथे पाऊल ठेवणारा विद्यार्थी रेसिडेन्सीच्या दारापर्यंत पोचतो काय, आणि शंभरांतले किती पोचतात?

जागांची टंचाई खरी आहे. २०२३-२४ च्या प्रवेशवर्षात अमेरिकेतील एम.डी. कॉलेजांसाठी सुमारे ५२,५०० उमेदवारांनी अर्ज केले व सुमारे २३,००० दाखल झाले. म्हणजे निम्म्याहून अधिक बाहेर राहिले. ही सारी मुले नालायक होती असे कोणीही म्हणणार नाही. परंतु बाहेर राहिलेल्या मुलाची घाई आणि त्याच्या आईबापांची काळजी यांवरच एक मोठा व्यवसाय उभा राहिला आहे, हेही विसरता येणार नाही.

२. परदेशी कॉलेजांचे तीन प्रकार

पहिला प्रकार कॅरिबियन बेटांवरील कॉलेजांचा. ही कॉलेजे मुख्यतः अमेरिकन विद्यार्थ्यांसाठीच काढलेली आहेत. ग्रेनाडातील सेंट जॉर्जेस युनिव्हर्सिटी १९७६ ची, डॉमिनिका बेटावर सुरू झालेली रॉस युनिव्हर्सिटी १९७८ ची, आणि माँटसेराट बेटावर सुरू झालेली अमेरिकन युनिव्हर्सिटी ऑफ द कॅरिबियनही १९७८ चीच. पहिली दोन वर्षे बेटावर पुस्तकी अभ्यास आणि पुढील दोन वर्षे अमेरिकेतील रुग्णालयांत प्रत्यक्ष शिक्षण, असा यांचा सामान्य क्रम आहे. यांच्यानंतर कितीतरी लहान कॉलेजे निघाली आणि त्यांपैकी काही बंदही पडली. सर्व एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

दुसरा प्रकार जुन्या, प्रतिष्ठित विद्यापीठांचा. ही मुळात आपल्या देशासाठी डॉक्टर तयार करतात आणि काही जागा परदेशीयांस देतात. डब्लिनचे रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स १७८४ चे आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठाने अमेरिकेतील ऑक्सनर या रुग्णालयसंस्थेशी जोड घातली आहे. त्या अभ्यासक्रमात दोन वर्षे ब्रिस्बेनला व दोन वर्षे न्यू ऑर्लिन्सच्या परिसरात शिकावयाचे असते.

तिसरा प्रकार म्हणजे आपल्याच देशातील कॉलेजे. त्यांविषयी पुढे लिहिले आहे.

येथे थोडा इतिहास सांगणे जरूर आहे. एके काळी खुद्द अमेरिकेतच फी घेऊन डिग्री देणारी कॉलेजे गल्लोगल्ली होती. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर या शिक्षणतज्ज्ञाने अमेरिका व कॅनडातील १५५ मेडिकल कॉलेजांची पाहणी करून अहवाल लिहिला. प्रयोगशाळा नाही, रुग्णालय नाही, प्रवेशाला अट नाही, अशा कॉलेजांची लाज त्याने चव्हाट्यावर मांडली आणि पुढे त्यांपैकी पुष्कळ बंद झाली. फ्लेक्सनरने जे प्रश्न विचारले तेच आज बेटावरील कॉलेजला विचारावयाचे आहेत: शिकवणारा कोण, प्रयोगशाळा कोठे, रुग्णालय कोणाचे आणि प्रवेशाची अट काय?

३. मान्यता म्हणजे काय, आणि काय नव्हे

माहितीपत्रकात ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द ठळक अक्षरांत असतो. मान्यता कोणाची आणि कशासाठी, हे मात्र बारीक अक्षरांत असते, किंवा नसतेच. म्हणून चार गोष्टी वेगवेगळ्या ओळखाव्या.

पहिली, नोंद. जगातील मेडिकल कॉलेजांची एक जागतिक सूची आहे. तीत कॉलेजचे नाव असावेच लागते; पण नाव असणे म्हणजे शिफारस नव्हे. मतदारयादीत नाव असल्याने माणूस निवडून येत नाही, तसेच हे आहे.

दुसरी, ई.सी.एफ.एम.जी.चे प्रमाणपत्र. परदेशी पदवीधरांची पारख करण्यासाठी ही संस्था १९५६ साली अमेरिकेत स्थापन झाली. आपल्याकडून गेलेल्या जुन्या डॉक्टरांस हे नाव चांगले परिचयाचे आहे. तिचे प्रमाणपत्र नसेल तर परदेशी पदवीधरास रेसिडेन्सीत शिरता येत नाही. त्यासाठी यू.एस.एम.एल.ई. या परीक्षेचा पहिला टप्पा आणि दुसऱ्या टप्प्याची लेखी परीक्षा पास व्हावी लागते. शिवाय रोग्याशी बोलण्याचे व इंग्रजी भाषेचे कौशल्य सिद्ध करावे लागते. एका टप्प्यास चारपेक्षा अधिक वेळा बसता येत नाही. २६ जानेवारी २०२२ पासून पहिल्या टप्प्याचे गुण दिले जात नाहीत, केवळ ‘पास’ वा ‘नापास’ एवढेच कळते. यामुळे दुसऱ्या टप्प्याच्या गुणांचे वजन वाढले आहे.

तिसरी, तपासणी करणाऱ्या संस्थेची मान्यता. कॉलेजची तपासणी एक संस्था करते आणि त्या संस्थेचीही तपासणी वैद्यकीय शिक्षणाचा जागतिक संघ करतो. कॅरिबियनमधील सी.ए.ए.एम.-एच.पी. या संस्थेस ही मान्यता २०१२ साली मिळाली. २०२४ पासून ई.सी.एफ.एम.जी. आपल्या अहवालात कॉलेजची तपासणी अशा मान्य संस्थेने केली आहे की नाही, हे रेसिडेन्सी देणाऱ्या रुग्णालयांस कळवते. ज्याच्या नावापुढे ही नोंद नाही, तो उमेदवार एक पाऊल मागून धावतो.

चौथी, राज्याचा नियम. अमेरिकेत पन्नास राज्ये आहेत आणि परवान्याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. ज्या राज्यात पुढे राहावयाचे आहे, त्याच्या मंडळाचा नियम आधी वाचावा.

आणि एक ध्यानात ठेवावे: उघडे दार कायम उघडे राहीलच असे नाही. मेक्सिकोतील ग्वादालाहारासारख्या विद्यापीठांत शिकलेल्या अमेरिकन मुलांसाठी १९७१ साली ‘पाचवी वाट’ नावाची सवलत सुरू झाली होती. तिच्या आधारे अनेकांनी आयुष्याची आखणी केली. २००९ साली ती वाट बंद झाली. चार वर्षांनंतर जे लागणार आहे, ते केवळ आजच्या सवलतीवर अवलंबून ठेवू नये.

४. अंश आणि छेद

आता या लेखाचा गाभा. आमच्या पाचवीच्या वर्गात मुले अपूर्णांक शिकतात. वरचा आकडा अंश, खालचा छेद. जाहिरात नेहमी अंश दाखवते आणि छेद झाकते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका कॉलेजात १०० मुले दाखल झाली. पहिल्या दोन वर्षांत काही नापास झाली, काही पैशाअभावी घरी परतली. राहिलेल्यांची कॉलेजने आपली चाचणी घेतली आणि जी कच्ची वाटली, त्यांना यू.एस.एम.एल.ई.स बसूच दिले नाही. शेवटी ७० मुले परीक्षेस बसली व ६३ पास झाली. कॉलेज म्हणते, ‘आमचा निकाल ९० टक्के!’ हिशेब चूक नाही. ७० पैकी ६३ म्हणजे नव्वदच टक्के होतात. पुढे रुग्णालयातील दोन वर्षांत आणखी काही गळाली आणि ५० जण रेसिडेन्सीच्या निवडीत उतरले. त्यांपैकी ४० जणांस जागा मिळाली. कॉलेज म्हणते, ‘आमची निवड ८० टक्के!’ हेही चूक नाही. पण प्रवेशाच्या दिवशी दारात उभ्या असलेल्या मुलाच्या दृष्टीने हिशेब काय? शंभर आत गेले, चाळीस डॉक्टर झाले. साठ जण कोठे गेले, हे माहितीपत्रकात कोठेच नाही. ते साठ जण कर्ज घेऊन घरी गेले.

हे उदाहरण कल्पित असले तरी चाल कल्पित नाही. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एका कॅरिबियन मेडिकल कॉलेजच्या चालकांविरुद्ध कारवाई केली. कमिशनच्या तक्रारीप्रमाणे जाहिरातीत पहिल्या टप्प्याचा निकाल ९६.७७ टक्के सांगितला होता. प्रत्यक्षात २०१७ पासून परीक्षेस बसण्याइतका अभ्यासक्रम पुरा केलेल्यांपैकी केवळ ३५ टक्के पास झाले होते. सुमारे १२ लाख डॉलरवर ते प्रकरण मिटले. ९६.७७ आणि ३५ हे दोन आकडे एकाच कॉलेजचे आहेत, हे पालकांनी पुनःपुन्हा मनात आणावे. दशांशचिन्हानंतरचे दोन अंक पाहून आकडा शास्त्रीय वाटतो. पण छेद विचारल्याशिवाय तो आकडा म्हणजे नुसती नक्षी होय.

संपूर्ण देशाचे आकडेही याच नजरेने वाचावे. रेसिडेन्सीच्या जागा दरवर्षी मार्च महिन्यात ‘मॅच’ नावाच्या मध्यवर्ती पद्धतीने वाटल्या जातात. २०२४ च्या मॅचमध्ये अमेरिकन एम.डी. कॉलेजांच्या शेवटच्या वर्षातील ९३.५ टक्के उमेदवारांस पहिल्या वर्षाची जागा मिळाली. अमेरिकन ऑस्टिओपॅथिक कॉलेजांच्या बाबतीत हे प्रमाण ९२.३ टक्के होते. परदेशी कॉलेजात शिकलेल्या अमेरिकन नागरिकांत ते ६७.० टक्के आणि परदेशी पदवीधर परकीय नागरिकांत ५८.५ टक्के होते. म्हणजे परदेशी कॉलेजातून आलेल्या अमेरिकन मुलांपैकी तिघांतील एकास त्या वर्षी जागा मिळाली नाही. आणि हा छेद तरी कोणता? ज्यांनी परीक्षा देऊन, अर्ज करून, मुलाखती मिळवून आपली पसंतीयादी शेवटपर्यंत दाखल केली, त्यांचाच. वाटेत गळालेले यातही मोजलेले नाहीत.

शिवाय जागा मिळणे आणि हवी ती जागा मिळणे यांत फरक आहे. परदेशी पदवीधरांस मुख्यतः अंतर्गत वैद्यक, कुटुंबवैद्यक व बालरोग या शाखांत जागा मिळतात. या शाखा थोर आहेत आणि समाजास त्यांची गरजही मोठी आहे. परंतु ज्या मुलाच्या मनात अस्थिशल्यचिकित्सा वा त्वचारोग हीच शाखा घट्ट बसली आहे, त्याने बेटाचा रस्ता धरताना दहादा विचार करावा.

५. रुग्णालय कोणाचे?

वैद्यक खाटेपाशी शिकतात. तेव्हा तिसऱ्या व चौथ्या वर्षी मूल कोणत्या रुग्णालयात उभे राहणार, हा प्रश्न इमारतीच्या फोटोपेक्षा शंभरपट मोलाचा आहे. पुष्कळ बेटांवर मोठे रुग्णालय नसते, म्हणून कॉलेज अमेरिकेतील रुग्णालयांत जागा घेते. या जागांस किंमत असते. २००७ साली सेंट जॉर्जेस युनिव्हर्सिटीने न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक रुग्णालयांशी दहा वर्षांचा करार केला. त्याची रक्कम सुमारे १० कोटी डॉलरपर्यंत होती. ज्या कॉलेजाजवळ असा लेखी करार नाही, त्याची मुले आज या गावी, उद्या त्या गावी, मध्ये दोन महिने रिकामी, अशी फिरत राहतात.

चांगल्या रुग्णालयाची खूण सोपी आहे. ज्या शाखेत मूल शिकणार, त्या शाखेची मान्य रेसिडेन्सी त्या रुग्णालयात चालू असावी. तेथे शिकवणारे ज्येष्ठ डॉक्टर असतात, त्यांची शिफारसपत्रे पुढे उपयोगी पडतात, आणि मुलाचे काम पाहिलेली माणसेच कधी कधी त्याला जागा देतात.

बेटाचा हवामानाशीही हिशेब करावा. १९९५ साली माँटसेराटचा ज्वालामुखी जागा झाला आणि तेथील कॉलेजला सेंट मार्टिन बेटावर बिऱ्हाड हलवावे लागले. २०१७ सालच्या सप्टेंबरात मारिया चक्रीवादळाने डॉमिनिका उद्ध्वस्त केले. रॉसचे वर्ग काही काळ जहाजावर भरले आणि २०१९ मध्ये कॉलेज बार्बाडोसला गेले. १९८३ च्या ऑक्टोबरात ग्रेनाडात राजकीय उलथापालथ होऊन अमेरिकन फौजा उतरल्या, तेव्हा तेथील शेकडो अमेरिकन विद्यार्थ्यांना मायदेशी न्यावे लागले. या कॉलेजांनी शिक्षण चालू ठेवले, ही त्यांची तारीफच आहे. तथापि ‘संकट आले तर तुमची व्यवस्था काय?’ हा प्रश्न विचारणे अपशकुन नव्हे, शहाणपण आहे.

६. पैशाचा हिशेब

अमेरिकन नागरिकास काही परदेशी मेडिकल कॉलेजांसाठी तेथील केंद्र सरकारचे शैक्षणिक कर्ज मिळू शकते. पण सर्व कॉलेजांसाठी नव्हे. सामान्य नियम असा, की त्या कॉलेजच्या यू.एस.एम.एल.ई.स बसणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी किमान ७५ टक्के पास व्हावे लागतात. २०१० पूर्वी ही अट ६० टक्क्यांची होती. येथेही छेद ‘परीक्षेस बसणाऱ्यांचा’ आहे, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेलच. कच्च्या मुलास परीक्षेस बसू न देण्याची कारणे अशा नियमांतूनही जन्मतात.

कर्जाचा नियम अलीकडे बदलला आहे. ४ जुलै २०२५ रोजी मंजूर झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांस केंद्रीय कर्जाची मर्यादा वर्षास ५०,००० डॉलर व एकंदर २,००,००० डॉलर एवढी केली. खर्चाइतके कर्ज देणारी ‘ग्रॅड प्लस’ नावाची जुनी सोय नव्यांसाठी बंद केली. म्हणजे फी, बेटावरील राहणे, विमानभाडे व परीक्षाशुल्क मिळून या मर्यादेवर जे जाईल, ते खाजगी कर्जाने अथवा घरच्या पुंजीने भागवावे लागेल. खाजगी कर्जास बहुधा जामीनदार लागतो. जामीनदार म्हणजे बाप, मामा किंवा चाचा. मूल दुसऱ्या वर्षी घरी परतले तरी कर्ज परतत नाही, ही गोष्ट सही करणाऱ्याने सहीपूर्वी समजून घ्यावी.

७. मग हिंदुस्थानात का नको?

हा प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. आपल्या बेळगावात १९६३ पासून जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आहे, मणिपालचे कस्तुरबा मेडिकल कॉलेज १९५३ चे आहे. आजी-आजोबा जवळ, जेवण घरचे, रोगी भरपूर. २०२३ साली आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगास वैद्यकीय शिक्षणाच्या जागतिक संघाची दहा वर्षांसाठी मान्यताही मिळाली.

परंतु येथेही हिशेब मांडलाच पाहिजे. प्रवेशासाठी नीट परीक्षा द्यावीच लागते. ४ मार्च २०२१ नंतर ज्यांनी ओ.सी.आय. नोंदणी केली, त्यांस सामान्य जागांवर हक्क सांगता येत नाही. त्यांना अनिवासी भारतीयांच्या जागांकडे पाहावे लागते, आणि त्यांची फी मोठी असते. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा व वर सक्तीचे एक वर्ष इंटर्नशिप. अमेरिकेत परतल्यावर त्या मुलाची गणना परदेशी कॉलेजात शिकलेला अमेरिकन नागरिक अशीच होते, आणि अमेरिकन रुग्णालयातील अनुभव व शिफारसपत्रे त्याला स्वतंत्रपणे मिळवावी लागतात.

नावावरून फसगत होऊ नये म्हणून एक सूचना. अँटिग्वा बेटावरील अमेरिकन युनिव्हर्सिटी ऑफ अँटिग्वा ही मणिपालच्या शिक्षणसमूहाची आहे. मणिपालचे नाव ऐकून आपल्या मंडळींस आपलेपणा वाटतो. पण ती डिग्री अँटिग्वाची, भारताची नव्हे. तिची पारख वरील कसोट्यांनीच करावी, नात्याने नव्हे.

८. घाईचे कारण

इतके सर्व असून शहाणी माणसे घाई का करतात? आमच्या मते कारण गणिताचे नाही, मनाचे आहे. ‘पोराला कोठेच सीट मिळाली नाही’ हे वाक्य जमातीत, लग्नकार्यात, पाहुण्यारावळ्यांत उच्चारणे आईबापांस जड जाते. बेटावरील अनेक कॉलेजे वर्षातून दोनदा-तीनदा प्रवेश देतात, होकार लवकर कळवतात आणि अनामत रक्कम लवकर मागतात. लाज एका बाजूने ढकलते आणि होकार दुसऱ्या बाजूने ओढतो. मध्ये मूल असते.

आमचे सांगणे असे, की एक वर्ष थांबणे हा कलंक नव्हे. त्या वर्षात एम्‌कॅट पुन्हा देता येते, कच्चे विषय पक्के करता येतात, रुग्णालयात सेवा करता येते. अमेरिकन ऑस्टिओपॅथिक कॉलेजांकडेही अर्ज करावा. आपल्याकडे हे नाव ऐकून होमिओपॅथी आठवते, पण दोहोंचा काही संबंध नाही. डी.ओ. ही अमेरिकेतील पूर्ण वैद्यकीय पदवी असून पन्नासही राज्यांत तिच्यावर पूर्ण परवाना मिळतो, आणि तिचा ९२.३ टक्क्यांचा आकडा वर आलाच आहे. हे दार ठोठावल्यावाचून समुद्र ओलांडू नये.

आणि सर्व विचारांती बेटावरच जावयाचे ठरले, तर मान ताठ ठेवून जावे. त्या वाटेने गेलेले हजारो डॉक्टर आज अमेरिकेत रोग्यांची सेवा करीत आहेत. ती वाट खोटी नाही, अवघड आहे. अवघड वाटेवर मुलाला डोळे बांधून पाठवू नये, एवढेच.

अभ्यासासाठी प्रश्न

पुढील प्रश्न कॉलेजला लेखी पाठवावे आणि उत्तरही लेखीच मागावे. तोंडी उत्तरास हिशेबात जागा नाही.

१. पाच वर्षांपूर्वी तुमच्याकडे किती विद्यार्थी दाखल झाले? त्यांपैकी आज किती पदवीधर झाले?

२. त्याच दाखल झालेल्यांपैकी किती जणांनी यू.एस.एम.एल.ई.चा पहिला टप्पा पहिल्याच प्रयत्नात पार केला?

३. परीक्षेपूर्वी तुमची स्वतःची चाचणी असते काय? तीत अडलेल्यांचे पुढे काय होते?

४. मागील मॅचमध्ये किती जण उतरले, किती जणांस जागा मिळाल्या आणि कोणत्या शाखांत?

५. तुमची तपासणी कोणत्या संस्थेने केली, आणि तिला जागतिक संघाची मान्यता आहे काय?

६. तिसऱ्या वर्षाच्या मुख्य विषयांसाठी कोणती रुग्णालये आहेत? करार लेखी आहे काय, व किती वर्षांचा?

७. त्या रुग्णालयांत त्या त्या शाखेची मान्य रेसिडेन्सी आहे काय?

८. केंद्रीय कर्ज मिळते काय? मिळत नसल्यास चार वर्षांचा संपूर्ण खर्च किती?

९. विद्यार्थी मध्येच सोडून गेल्यास फीपैकी किती परत मिळते?

१०. वादळ वा अन्य संकट आल्यास शिक्षण कोठे चालवाल?

पहिल्या दोन प्रश्नांची सरळ उत्तरे देणाऱ्या कॉलेजवर पुढील विचार करावा. जे कॉलेज उत्तराऐवजी नवे माहितीपत्रक पाठवते, त्याने आपले उत्तर दिलेच आहे असे समजावे.

आपल्या ट्रस्टने आजवर शिष्यवृत्त्या देताना अर्जदाराचे गुणपत्रक पाहिले, घरची परिस्थिती पाहिली. यापुढे त्याच्या कॉलेजचेही गुणपत्रक पाहावे, ही आमची सुवर्णमहोत्सवी वर्षातील नम्र सूचना आहे. घरोघरी वडीलधाऱ्यांनी हे दहा प्रश्न कागदावर उतरवून ठेवावे. आणि अमेरिकेतून फोन आला, की ‘सीट मिळाली काय?’ असे न विचारता ‘शंभरांतले किती डॉक्टर झाले, बेटा?’ असे विचारावे.